ताणलेली दुपार

मल्लय्या वसाहतीत चाळीस खोल्या होत्या. चाळीस दारं, एकवीस खिडक्या. त्यांतल्या सात खिडक्या पत्रा ठोकून कायमच्या बंद केलेल्या आणि पाच शेजारच्या भिंतीला इतक्या टेकलेल्या की उघडल्या तरी हात बाहेर जाऊ नये. उरल्या नऊ. नळ चार, पाण्याची टाकी एक, शिलाई मशीनं सव्वीस, टेबल एकही नाही. आणि नभपटलं एकतीस.

हरिणी वंगारीनं हे सगळं वहीत उतरवलं, खाली तारीख घातली आणि पेनाला टोपण लावून डोळे मिटले. आदल्या तीन रात्रींत मिळून तिची नऊ तास झोप झाली होती. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असं चालतंच, असं सगळेच म्हणत. म्हणून ती काही बोलत नसे.

तिचा शेवटचा प्रकल्प म्हणजे हीच वसाहत. सोलापुरातल्या या चाळीस पत्र्याच्या खोल्या पाडून त्याच तुकड्यावर चार मजली इमारत उभी राहायची होती. दोन वर्षांपूर्वी नियम आला होता की अशा लहान पुनर्वसनांचे नकाशे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी काढायचे, प्राध्यापकांनी तपासायचे आणि परीक्षेत पास झालेला नकाशाच बांधायचा. वर्गात बारा जण होते. हरिणीनं हीच वसाहत मागून घेतली, कारण तिचा जन्म इथला. सतरा नंबरच्या खोलीत तिची अम्मा, राजेश्वरी, अजून शाळेच्या गणवेशांना काज-बटण करत बसली होती.

"झालं का मोजून?" अम्मानं मान वर न करता विचारलं. "मांजरं राहिली असतील."

"मांजरं नको आहेत."

"तीन आहेत. लिहून ठेव. नंतर कमी पडायला नको."

अम्माच्या डोक्यावर, समोरच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, तीन फूट बाय दोन फुटांचं निळं आभाळ होतं. वसाहतीतल्या बायका नभपटलाला आभाळच म्हणत. "आमच्याकडं मागच्या दिवाळीत आभाळ बसलं." "आभाळ पुसून घे गं, धूळ बसलीय."

नभपटल हा काही साधा दिवा नव्हे. खरं आकाश निळं दिसतं, कारण हवेतले सूक्ष्म कण सूर्यप्रकाशातला निळा भाग इतर रंगांपेक्षा जास्त विखुरतात. पटलातल्या पारदर्शक तक्त्यात तसेच, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे कण पेरलेले असतात. मागून पांढरा प्रकाश सोडला की काही मैलांच्या हवेत जे घडतं, ते बोटाएवढ्या जाडीत घडतं. वर पाहिलं की डोळा फसतो. तिथं भिंत संपल्यासारखी वाटते आणि तिच्यापलीकडे खोल, लांब, मोकळं काहीतरी असल्यासारखं वाटतं. सकाळी ते फिकट असतं, दुपारी पांढरट निळं, संध्याकाळी तांबूस. पहिल्यांदा पाहणारी माणसं हात लावून बघतात.

पटलं स्वस्त झाली तेव्हा नियम बदलले. आता एक पटल म्हणजे एक खिडकी, असं इमारतींच्या नियमावलीतच लिहिलेलं होतं. बिनखिडकीची खोली आता बेकायदा राहिली नव्हती.

*

"चाळीस," बिराजदार सर म्हणाले. नकाशा त्यांच्यासमोर पसरलेला होता. शेजारी चहाचा कागदी पेला होता आणि त्याची कड त्यांनी विचार करता करता चावून ठेवली होती. "मजल्याला दहा घरं, चार मजले. प्रत्येक घराला एक पटल. गणवेशवाले कारखानदार पटलं फुकट देताहेत. गणित सरळ आहे."

"सर, दहांपैकी सहा घरांना बाहेरची भिंतच नाहीये."

"म्हणून तर पटल."

"आणि खऱ्या खिडक्या द्यायच्या तर?"

सरांनी चष्मा काढला. ते चाळीस वर्षं घरं काढत आणि शिकवत आले होते. त्यांच्या स्वतःच्या घराला तीन बाजूंनी व्हरांडा होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. "मग मधोमध चौक सोडावा लागेल. तळमजल्यावर नियमाइतका उजेड उतरायला तो केवढा लागेल, ते तूच काढून आण."

हरिणीनं काढलं. चौक दोन घरांएवढा लागत होता, आणि तोही तळापासून गच्चीपर्यंत. चाळीसांतून आठ गेली. बत्तीस.

"म्हणजे आठ कुटुंबं अक्कलकोट रस्त्याच्या तात्पुरत्या खोल्यांत," सर म्हणाले. "अकरा किलोमीटर. आणि तात्पुरत्या म्हणजे किती वर्षं, ते मी सांगत नाही, तू विचारू नकोस."

"दोन्ही नकाशे दिले तर?"

"दोन दिले की वरचे लोक जास्त घरांचाच उचलतात. द्यायचा तर एकच दे." मग म्हणाले, "चिठ्ठ्या झाल्यात ना तुमच्याकडं? आईचा नंबर कितवा?"

घरं कोणत्या क्रमानं द्यायची, यासाठी वसाहतीनं मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

"अडतीस," हरिणी म्हणाली.

सरांनी पेल्याची राहिलेली कडही चावून टाकली.

*

तरी ती मोजत राहिली. मोजणं तिला जमत होतं, आणि मोजताना निर्णय घ्यावा लागत नाही. तिच्याकडे घडीचा तिवई स्टँड होता. त्यावर सुपारीएवढं उजेडमापक बसवायचं, खोलीत दर अर्ध्या मीटरवर स्टँड ठेवायचा, आकडा लिहायचा. स्टँडची उंची पंचाहत्तर सेंटिमीटर. पहिल्या वर्षापासून सगळे हीच उंची लावत. तिला शास्त्रात 'कामाची पातळी' म्हणतात.

नरसक्काच्या खोलीत तिचं मोजणं चाललं होतं. नरसक्का अम्माच्या वयाची, तीन नंबरच्या खोलीतली. तिच्याकडं आभाळ नव्हतं. ती दारात, उंबऱ्याला मांडी लावून, गल्लीतून येईल त्या उजेडात बटणं लावत होती. सकाळी ती दाराच्या डाव्या बाजूला बसे, दुपारी उजव्या.

"काय मोजायलीस गं?"

"उजेड, अक्का. कामाच्या ठिकाणी किती पडतो ते."

नरसक्कानं स्टँडकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. "मग ते यंत्र तिथं वर कशाला चढवलंस? तिथं कोण काम करायलंय? भूत?"

शेजारच्या दोघी खुसखुसल्या.

"ही पातळी टेबलाची असते," हरिणी म्हणाली, आणि वाक्य पुरं होता होता तिला स्वतःच्या वहीतली ओळ आठवली. टेबल एकही नाही. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं ते.

तिनं तिवई मिटली आणि मापक नरसक्काच्या मांडीशेजारी, गणवेशाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मग पट्टी लावून उंची पाहिली. तीस सेंटिमीटर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आरसे लावलेली एक मोठी पेटी होती. वरून पसरट प्रकाश सोडला की चारी बाजूंच्या आरशांत तो परत परत उमटायचा आणि आत ढगाळ दिवसाचं क्षितिजापर्यंतचं आकाश तयार व्हायचं. त्यात इमारतीची प्रतिकृती ठेवायची आणि बाहेरच्या शंभर भाग उजेडातले किती भाग आतल्या एखाद्या बिंदूवर पोचतात, ते वाचायचं. हरिणीची प्रतिकृती विसाव्या हिश्शाची होती, म्हणजे तीस सेंटिमीटरचे झाले दीड. मापक स्वतःच बावीस मिलिमीटर जाड असल्यानं तिला पुठ्ठ्याची जमीन कोरून त्याला खाली बसवावं लागलं. यात दोन दिवस गेले. एकदा ती पेटीत डोकं घालून वाचन घेता घेता तशीच झोपली, आणि प्रयोगशाळेच्या शिपायानं काठीनं पेटी वाजवून तिला उठवलं.

आकडे आले ते असे. बत्तीस घरांचा, नियमात बसणारा नकाशा: पंचाहत्तर सेंटिमीटरवर खोलीची सरासरी १.६ भाग. नियमाला दीड हवा, म्हणजे पास. पण तोच नकाशा तीस सेंटिमीटरवर: ०.९. खिडकीच्या खालची तीन फूट भिंत सगळा उजेड अडवत होती, आणि बायका नेमक्या त्या भिंतीच्या सावलीत बसणार होत्या.

मग तिनं चौक अर्धा केला. खिडक्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी चौकात उघडणारी जमिनीपर्यंतची रुंद दारं दिली, उंबऱ्याला लागून बसण्याइतका कट्टा दिला, चौकाच्या भिंती आणि फरशी पांढरी केली. खोलीची सरासरी पडली: ०.७. पण उंबऱ्यावर, मांडीपाशी: २.४.

अर्धा चौक म्हणजे मजल्याला एकच घर कमी. छत्तीस.

बिराजदार सरांनी नियमावली मागवली. प्रकरण सहा, कलम नऊ, खालची टीप. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. "'कामाची पातळी पंचाहत्तर सेंटिमीटर धरावी, किंवा राहणाऱ्यांचे काम प्रत्यक्षात ज्या जागी व ज्या उंचीवर चालते ती जागा व उंची धरावी.'" मग चष्मा काढला. "चाळीस वर्षं शिकवतोय. मी 'किंवा'पाशी कधी पोचलोच नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे छत्तीस पास होईल. चाळीसही पास होईल. आता नियम तुझ्या मदतीला येणार नाही."

*

प्रकल्पासाठी तिनं अम्माच्या खोलीत उजेड नोंदवणारी एक डबी महिनाभर ठेवली होती आणि दुसरी गच्चीवर. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं दोन्हींच्या नोंदी एकावर एक ठेवून पाहिल्या. सकाळ जुळत होती. संध्याकाळ जुळत नव्हती. बाहेर साडेसहाला सूर्य मावळत होता. खोलीतलं आभाळ आठ वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत दुपारच्या चारइतकं निळं होतं. महिन्याच्या सुरुवातीला हाच आकडा सात वाजून एकोणतीस मिनिटं होता. संध्याकाळ रोज दोन मिनिटांनी पुढं सरकत होती.

ही दोन मिनिटं कशासाठी, हे तिला माहीत होतं. डोळ्यात पाहण्यासाठी ज्या पेशी असतात, त्यांच्याखेरीज आणखी थोड्या पेशी असतात. त्यांना आकार दिसत नाहीत, रंग दिसत नाहीत. निळसर उजेड आहे की गेला, एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. गेला असं कळलं की शरीर झोपेचं रसायन तयार करू लागतं. गेलाच नाही, तर थांबून राहतं. एकदम दोन तास थांबवलं तर शरीर बंड करतं. रोज दोन मिनिटं थांबवलं तर ते मुकाट मागे मागे येतं. पटलं कारखानदारांनी दिलेली, आणि त्यांचं वेळापत्रक गठ्ठे वाटणाऱ्या ठेकेदाराच्या फोनवर.

तिनं आलेख अम्मापुढं ठेवला. समजावून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला अम्मानं दोरा दातानं तोडला.

"मला माहिताय."

"काय माहिताय?"

"भिंतीवर घड्याळ आहे की. मला वाचता येत नाही का? मशिदीत अजान होते, पोरं खेळून घरी येतात, आणि माझ्याकडं ऊन असतं. ठेकेदारानं विचारूनच लावलंय. लांब दुपार पाहिजे का म्हणाला. एकतीस जणींनी हो म्हटलं."

"आणि झोप?"

"झोपेचं काय? येत नाही तर येत नाही. पडून राहते." अम्मानं सदरा झटकला, दुसरा घेतला. "दोन वर्षं झाली. हंगामात ताणतात, शाळा उघडल्या की परत सोडतात. तुझं ते चौथं वर्ष, पाचवं वर्ष, ते पुठ्ठे, ते डिंक, त्या गावोगावच्या सहली. ते माझ्या कुठल्या दुपारीतून निघालं असेल? साडेसहाला मावळणाऱ्या?"

हरिणीनं आलेखाची घडी घातली.

"अडतीस नंबर आहे माझा," अम्मा म्हणाली. "तुला पाठ आहे ना?"

"आहे."

"मग झालं. चाळीसचा नकाशा दे, पास हो, घरी येऊन झोप. डोळे बघ तुझे."

हरिणीनं शेवटी एकच मागितलं. पाच दिवस आभाळ खऱ्या सूर्याबरोबर मावळू दे. अभ्यासासाठी. अम्मा कुरकुरली, ठेकेदाराला फोन करून ताप आल्याचं सांगितलं, आणि मनगटावर झोप मोजणारी पट्टी बांधून घेतली. "अभ्यासासाठी" हा शब्द या घरात कधी फुकट गेला नव्हता.

आभाळ बदलण्याआधी आठवडाभर पट्टी बांधून मोजलेली सरासरी झोप चार तास पन्नास मिनिटं होती. पहिल्या रात्री पाच तास पाच मिनिटं. दुसऱ्या रात्री पाच-चाळीस. तिसऱ्या रात्री सहा-पंचवीस. चौथ्या रात्रीचा आकडा घेण्यापूर्वीच नळाला पाणी आलं.

वसाहतीत चार दिवसांनी एकदा, पहाटे पाचला, पाऊण तास पाणी येई. नळ गुळगुळला की अम्मा अंथरुणातून निम्मी उठलेलीच असायची. हरिणीला आठवतं तेव्हापासून हे असंच होतं. त्या दिवशी नळ गुळगुळला आणि हरिणी उठली. अम्मा उठली नाही. हरिणीनं तिच्या खांद्याकडे हात नेला, आणि तो तिथंच थांबला. तिनं घागर उचलली.

गल्लीत भांड्यांचा खणखणाट झाला. कुणाचंतरी नंबरावरून भांडण झालं, नरसक्कानं दोन्ही बाजूंना शिव्या दिल्या. हरिणीनं हंडा भरला, बादल्या भरल्या, पिंप निम्मं भरलं. एक कळशी उंबऱ्यावर आपटून घरंगळत थेट अम्माच्या उशाशी जाऊन थांबली. अम्मानं कूस बदलली आणि तोंड किंचित उघडं ठेवून झोपून राहिली. सुई पडली तरी जागी होणारी बाई. हरिणी ओल्या हातांनी दारात उभी राहिली आणि मोजू लागली. श्वास मिनिटाला तेरा.

सात वाजता अम्मा उठली, पिंपात डोकावली आणि जी सुरू झाली ती दहा मिनिटं थांबली नाही. "चार दिवसांचं पाणी! निम्मं! मला हाक मारायला तोंड नव्हतं तुला? वीस वर्षांत नळ चुकवला नाही मी!"

"मी भरलं की, अम्मा."

"हे भरलं म्हणतात? कपडे काय कोरडे धुवायचे?"

पट्टीवर आकडा होता: सात तास बत्तीस मिनिटं. हरिणीनं तो वहीत लिहिला. अम्माला सांगितला नाही. पाचवी रात्र झालीच नाही. त्या संध्याकाळी अम्मानं स्वतः फोन करून आभाळ परत लांब करून घेतलं.

*

मार्चच्या वीस तारखेला हरिणीनं पारावर सगळ्यांना बोलावलं आणि छत्तीसचा नकाशा दाखवला. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस आणि चाळीस हे चार नंबर तात्पुरत्या खोल्यांत जाणार, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं. फिरवून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं.

सदतीस नंबरचा मल्लेशम रात्रपाळीचा पहारेकरी होता, एकटाच राहायचा. "मला काय फरक नाही," तो म्हणाला. "मी दिवसा झोपतो. मला अंधार कुठं देतील ते सांगा."

एकोणचाळीस आणि चाळीस नंबर दोघा भावांचे होते. थोरला उठला. "तू काढलेल्या रेघेनं आम्ही बाहेर. असंच ना? आभाळ घेऊन राहिलो असतो की आम्ही! कुणी मागितली होती तुझी खिडकी?"

"मी विचार केला..." हरिणी म्हणाली.

"तूच केलास. आम्हाला करायला दिला नाहीस."

ते खरं होतं. दोघे भाऊ निघून गेले. त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं ते कायमचंच.

अम्मा सगळ्यांत मागे बसली होती. लोक उठून गेल्यावर ती नकाशाजवळ आली. तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण चौकाच्या पांढऱ्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं.

"हे काय?"

"मोकळं आहे. वर आकाश."

"आणि माझं घर?"

हरिणीनं कागदाबाहेर, पाराच्या दगडावर बोट ठेवलं. अम्मानं त्या बोटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून खोलीत गेली. पुढचे सहा दिवस जेवणाचं ताट समोर ठेवताना होणारा आवाज सोडला, तर तिच्याकडून काहीही ऐकू आलं नाही.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला. चार घरं कमी का? हरिणीनं तीस सेंटिमीटरचे आकडे दाखवले, मग आठ वाजून पंचवीस मिनिटांचा आलेख दाखवला. परीक्षकबाईंनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. "हा उजेडाचा प्रश्न आहे की संध्याकाळचा?"

"मॅडम, इमारतीला संध्याकाळ नसली तर ती माणसाला कुठून मिळणार?"

बिराजदार सर खिडकीबाहेर पाहत होते. तिला शंभरपैकी अठ्ठावन्न गुण मिळाले. नकाशा मंजूर झाला.

*

भिंतींचे तयार तक्ते लावून इमारत अकरा महिन्यांत उभी राहिली. पुढच्या एप्रिलमध्ये, लोक राहायला येऊन महिना झाल्यावर, हरिणी राहत्या घरांतली मोजणी करायला आली. ती आता पुण्यात एका कार्यालयात दुसऱ्यांच्या जिन्यांची मापं तपासत असे. झोप अजून पुरत नव्हतीच.

तळमजल्यावर नरसक्काच्या दारात पाच जणी बसल्या होत्या. त्यांतली एक अम्मा.

"तू इथं कशी?"

"बसनं," अम्मा म्हणाली. "गठ्ठे अजून इथंच येतात. तिकडं तो ठेकेदार फिरकत नाही."

"रोज?"

"रोज. जाताना बसायला मिळतं, येताना उभं राहावं लागतं. तुझ्या त्या चौकात कबुतरं फार झालीत. जाळी टाकायला कुणी सांगितलं नव्हतं का तुला?"

"सांगते करायला."

"सांग. आणि फरशी पांढरी कशाला केलीस? रोज पुसावी लागते."

"तुला कुठं पुसावी लागते?" नरसक्का म्हणाली. "मी पुसते. ही नुसती येऊन बसते, माझाच चहा पिते आणि माझ्याच फरशीला नावं ठेवते."

हरिणीनं मापक कट्ट्यावर ठेवलं. चार वाजता आकडा आला तीनशे दहा लक्स. सहाला एकशे अठ्ठावीस. बायका उजेडाबरोबर हळूहळू दाराबाहेर सरकत होत्या. मांड्या वळत होत्या, गठ्ठे ओढले जात होते. कुणी ठरवून काही करत नव्हतं. ठेकेदार वैतागलाय, नरसक्का सांगत होती, इथल्या बायका सातच्या आत हात उचलतात म्हणतो. नवीन आभाळं देतो म्हणाला. चार घरांनी घेतलीसुद्धा.

"आणि तुझ्या खोलीत?" हरिणीनं अम्माला विचारलं. "तिकडं आहे ना आभाळ?"

"आहे की. चांगलं मोठं आहे. लांबच दुपार लावलीय त्यानं, न विचारता."

"मग तिथं गेल्यावर परत काम?"

अम्मानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. ती सुई तिनं डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग बटणांच्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण लावलं आणि डबा नरसक्काच्या दाराआड कोनाड्यात सरकवला.

"कशानं करणार? सुया इथंच ठेवून जाते मी," ती म्हणाली. "तू ये बसपर्यंत. पिशवी धर."

हरिणी उठली. उठता उठता तिनं मापकाचा शेवटचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला.

तळमजला, घर क्रमांक तीन, उंबऱ्याचा कट्टा, जमिनीपासून तीस सेंटिमीटर, सायंकाळी सहा वाजून पंचेचाळीस मिनिटं: नऊ लक्स.